सर, पट मी पुसला

सर, साईट परत आली नव्हती. हॉस्पिटलात तुम्ही विचारलंत, "आली का?" आणि मी "आली" म्हणाले, ते खोटं होतं. तुमचा तेरावा होऊन आता चार दिवस झाले. तेराव्यापर्यंत घरात माणसं होती, जो तो तुमच्याबद्दल चांगलं बोलत होता आणि मी चहाचे कप गोळा करत हिंडत होते. तिथे हे कुणापाशी बोलायची सोय नव्हती, म्हणून आता तुमच्याशीच बोलते. माझं वाक्य तुम्ही मध्ये तोडणार नाही, याची मला सवय नाही. अडखळले तर सांभाळून घ्या.

तुम्ही पत्रलेखन शिकवताना सांगायचात, की कालच बदलून आलेल्या साहेबालाही मागचं सगळं कळलं पाहिजे, असं पत्र लिहावं. तेव्हा तुम्हाला माहीत असलेलंही लिहिते.

बुधवार पेठेत, रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर तुमची टंकलेखन संस्था. चौदा मशिनं, त्यातली नऊ मराठी. मी बारावी होऊन मांजरीहून यायचे. मांजरी ते हडपसर, हडपसर ते स्वारगेट, आणि पुढे बस मिळाली नाही तर चालत. पहिल्या दिवशी कॅरेज ओढता ओढता मी म्हणाले, "सर, मशीन लई जड हाय." सगळा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. घड्याळाकडे बघत म्हणालात, "हाय. आणि उद्यासुद्धा जडच राहणार हाय. आपण बोटांकडे बघू नका, कागदाकडे बघा." परतीच्या बसमध्ये मी रडले आणि हडपसर येईपर्यंत ठरवलं, की या माणसाला मिनिटाला चाळीस शब्दांचा वेग काढून दाखवायचा आणि मग पुन्हा तोंड बघायचं नाही त्याचं.

त्यातलं पहिलं झालं. मराठी चाळीसचा निकाल लागला तेव्हा गुणपत्रिका बघून तुम्ही फक्त "ठीक" म्हणालात. मी खट्टू झाले, तर जुन्या मुलींनी जिन्यात गाठून सांगितलं, अगं, ठीक म्हणाले ना, वर्षातून दोघातिघांनाच म्हणतात. दुसरं काही झालं नाही. तुमचं तोंड मी पुढची पंचवीस वर्षं बघत राहिले.

ते दिवस बाजार खुला झाल्याचे होते. ज्याच्या त्याच्या तोंडी कॉम्प्युटर. मी सरकारी नोकरीचा अर्ज न भरता कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घातलं, तेव्हा तुम्ही अख्ख्या वर्गासमोर विचारलंत, "मांजरीकर, त्या डब्यापुढे बसून आपण काय करणार?" मी म्हणाले, "जे इथे करते तेच. फक्त त्याला रिबन लागत नाही." नंतर आठ महिने आपण बोललो नाही. मग एका दसऱ्याला मी सोनं द्यायला आले, तुम्ही पानं घेतलीत आणि विचारलंत, "डबा चालतोय का?"

डबा चालला. तुमची मशिनं मात्र एकेक करून खोळीत गेली. खालच्या रेडिओवाल्याने कॉम्प्युटरचे भाग ठेवायला सुरुवात केली आणि एके दिवशी तुमचा फोन आला. "मांजरीकर, खालून डबा घेतलाय. येऊन लावून द्या." मला इतका आनंद झाला, की मी ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मला वाटलं, आता संस्थेची साईट करू, विद्यार्थी वाढतील. तुम्ही म्हणालात, "संस्था बंदच करतोय. जाहिरात कसली करता? मला पट लावायचाय."

पट म्हणजे तुमच्या हाताखालून पास होऊन गेलेला प्रत्येक विद्यार्थी. नाव, साल, वेग आणि पुढे त्याच्याविषयी एक ओळ. तेव्हाच्या मराठी फॉन्टमध्ये, टाइपरायटरच्या कळपाटाप्रमाणे, दहाही बोटं वापरून तुम्ही रोज सकाळी चार-पाच जण उतरवायचात आणि मी करून दिलेल्या साईटवर चढवायचात. असं किती वर्षं चाललं कोण जाणे. सुरुवातीची काही पानं मी तुमच्याच डब्यावर वाचली होती. त्यातली एक ओळ अजून पाठ आहे: "करंगळी चळवळी. पहिल्या खेपेला हा नापास, दुसऱ्या खेपेला मशीन नापास, तिसऱ्या खेपेला दोघेही पास." मी मोठ्याने हसले, तर तुम्ही म्हणालात, "हसताय काय, खरं आहे ते."

आपलं भांडण फॉन्टवरून होतं. त्या काळचे मराठी फॉन्ट आतून इंग्रजीच असायचे. ज्याच्या मशीनवर तुमचा फॉन्ट आहे त्याला मराठी दिसणार, बाकीच्यांना टोपी घातलेला ए, शेपूट फुटलेला सी, पौंडाची चिन्हं आणि मध्येमध्ये चौकोन. पुढे युनिकोड आलं, जगातल्या कुठल्याही मशीनवर मराठी मराठीसारखी दिसायला लागली आणि मी तुमच्या मागे लागले. प्रोग्रॅम लिहून देते, सगळा पट तासाभरात बदलून येईल.

"जोडाक्षरं मोडतील."

"दोन-चार मोडतील, सर. दुरुस्त करू."

"कुणाच्या नावातली मोडतील ते आधी सांगा. श्रद्धा नावाच्या अकरा मुली आहेत."

"अहो, पण फॉन्टशिवाय वाचणार कोण?"

"ज्याला वाचायचंय तो फॉन्ट उतरवून घेईल. चष्मा लावायला लागतो म्हणून कुणी पेपर बदलायला सांगत नाही."

मीही तुमचीच विद्यार्थिनी. म्हणाले, युनिकोड केल्याशिवाय मी पट वाचणार नाही. आणि नाहीच वाचला. घरात तीन लॅपटॉप बदलले, एकावरही तुमचा फॉन्ट घातला नाही. दर दिवाळीला तुम्ही विचारायचात, "उतरवला का?" आणि मी विचारायचे, "बदलला का?" काकू म्हणायच्या, फराळ खा आधी. त्याची मला गंमत वाटायची. आता त्या हट्टाची इतकी लाज वाटते, की दोन शब्द लिहून उठून पाणी पिऊन यावं लागतं.

पट पूर्ण झाला आणि काही वर्षांनी तुमचा डबा कायमचा बंद पडला. भंगारात देण्याआधी तुम्ही मला फोन केला होता. "प्रत काढून ठेवायची का कुठे?" मी मीटिंगमध्ये होते. म्हणाले, "साईटवर आहे ना, सर? म्हणजे सुरक्षित आहे." तुम्ही "बरं" म्हणालात. डब्यावर तुमचा विश्वास नव्हता, पण माझ्यावर होता.

गेल्या महिन्यात तुम्ही धाप लागून हॉस्पिटलात होतात आणि कुणीतरी तुम्हाला फोनवर कळवलं, की तुमच्या साईटवर भलत्याच औषधांच्या जाहिराती लागल्यात. तुम्ही मला सांगितलंत, "शोभा, संस्थेत कुणीतरी घुसलंय." साईटमध्ये म्हणाला नाहीत, संस्थेत म्हणालात. आणि पहिल्यांदाच शोभा म्हणालात. मी म्हणाले, "काळजी करू नका, रविवारी हाकलून काढते."

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर बसले. चोर कुठून आला ते दहा मिनिटांत सापडलं. अभिप्राय लिहायचं जे पान मी सुरुवातीला बसवून दिलं होतं, त्याचा प्रोग्रॅम मी पुन्हा कधी बघितलाच नव्हता. दाराची कडी मीच काढून ठेवली होती. आत येऊन त्याने हजारो फायली टाकल्या होत्या, आकड्यांच्या नावांच्या, आत कुठल्या कुठल्या परक्या लिप्या आणि चिन्हांचा गाळ. चार-पाच उघडून बघितल्या. सगळा कचरा. मग अशा चिन्हांनी भरलेल्या सगळ्या फायली एका आज्ञेसरशी उडवल्या. मागे आई शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, "काय करती हायेस एवढं वाकून?" मी म्हणाले, "कचरा काढतेय, आई." ती म्हणाली, "काढ बाई. पर बघून काढ."

आईला शाळा माहीत नाही. तिला जे सुचलं, ते मला सुचलं नाही.

त्यावर मी आणखी शहाणपणा केला. ज्यांच्याकडे साईट ठेवलीय त्या कंपनीला कळवलं, की तुमच्याकडची जुनी प्रत टाकून द्या, तिच्यात घाण असेल, आजचीच ताजी प्रत घ्या. त्यांनी तत्परतेने तसं केलं. पहिलं पान माझ्या जुन्या मेलमध्ये होतं, ते लावलं. टाइपरायटरचं चित्र, खाली संस्थेचं नाव. दोन तासांत काम झालं म्हणून मी स्वतःवर खूश होते. संध्याकाळी आईला घेऊन आइस्क्रीम खायला गेले, हेही सांगून टाकते.

सोमवारी ऑफिसात सहज एका सालावर क्लिक केलं. पान सापडत नाही. दुसऱ्या सालावर केलं, तेही नाही. मग एकेक करत सगळी सालं दाबली. तुमच्याही पानांना आकड्यांचीच नावं होती, साल आणि परीक्षेचा महिना. आणि फॉन्ट नसताना तुमची मराठी कशी दिसते ते मला माहीत होतं, सर, मीच तर सगळ्यांना सांगत फिरत होते. त्या उघडलेल्या चार-पाच फायलींतल्या एकीत टोपी घातलेला ए मी बघितला होता. डोळ्यांनी बघितला आणि म्हणाले, कचरा. तुमच्या हाताखाली मराठी चाळीस काढलेली मी. चोराने तुमच्या दारावर जाहिराती चिकटवल्या होत्या, घर रिकामं केलं ते मी. हात लावण्याआधी प्रत काढून ठेवायची, हे मी नोकरीला लागलेल्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी दरडावून सांगते.

त्या संध्याकाळी तुम्ही उशीला टेकून बसला होतात. नाकात नळी, तरी केस विंचरलेले.

"आली का?"

"आली."

"पट?"

"आहे सगळा."

मी फोनवर पहिलं पान दाखवलं. तुम्ही टाइपरायटरच्या चित्रावर बोट ठेवलंत आणि मग काढून घेतलंत. "पुढचं दिसायचं नाही याच्यावर. फॉन्ट नाही ना." मी मान हलवली. तुम्ही म्हणालात, "तुझंच खरं होतं. युनिकोड केलं असतं, तर आत्ता इथे पडल्या पडल्या वाचता आलं असतं. घरी गेलो की करून टाकू. तू प्रोग्रॅम चालव, जोडाक्षरं मी तपासतो."

इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकले ते असं. ज्या फॉन्टवरून तुम्हाला छळलं, त्याच्याच आड लपले.

त्यानंतर तुम्ही अकरा दिवस होतात. रोज ठरवून यायचे की आज सांगायचं. एक दिवस तुम्हाला बोलवत नव्हतं, म्हटलं आज नको. एक दिवस तुम्ही मजेत होतात, नर्सला तिच्या तक्त्यातले रकाने कसे आखावेत ते समजावत होतात, म्हटलं आजचा चांगला दिवस कशाला नासवायचा. दिवसा ऑफिसचं काम सोडून शोधत होते. कंपनीला विनवलं, प्रत नव्हती. जगभरच्या जुन्या साईटी जपून ठेवणारे लोक आहेत, त्यांच्याकडे तुमचं पहिलं पान तेवढं निघालं, आतलं एकही नाही. माझ्या जुन्या सीडी काढल्या, त्यांना बुरशी लागली होती. सापडलं असतं तर तुम्हाला कधीच कळू दिलं नसतं. म्हणजे मी तुमची काळजी करत होते की माझी अब्रू वाचवत होते, ते तुम्हीच ठरवा. तुमच्याइतकं निर्दयपणे मला तपासता येत नाही.

मला तुमचा रागही येतो. कागदावर का नाही काढलंत? आयुष्यभर कार्बन घालून तीन प्रती काढणारा माणूस, आणि हीच गोष्ट एकाच जागी ठेवलीत. मी सांगितलं म्हणून? बाकी कधी ऐकलंत हो माझं? एरवी एक रिबन बदलायची तर दोनदा उलट विचारायचात, तेव्हा "बरं" म्हणून फोन कसा ठेवलात?

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, "ह्यांचं ते कॉम्प्युटरवरचं सगळं कागदावर काढून दे. मला कधी दाखवलं नाही. म्हणायचे, पोरांचं आहे, तुला काय त्याचं. आता मी निवांत वाचीन." मी पलंगाच्या कडेवर बसले आणि सगळं सांगितलं. रडत सांगितलं. काकूंनी रडू दिलं. मग विचारलं, "ह्यांना सांगितलंस?"

"नाही."

"मग आता मला कशाला सांगतेस? तुझं ओझं उतरावं म्हणून?"

काकू उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, कुकरची शिट्टी झाली तरी बाहेर आल्या नाहीत. मी चपला घालत होते तेव्हा आतून आवाज आला. "माळ्यावर हजेरीच्या वह्या आहेत. उतरवून घेऊन जा. नावं तरी आहेत त्यांच्यात." त्यांनी मला माफ केलं असं मी समजत नाही. त्यांना माळ्यावर चढवत नाही, एवढंच त्यातून दिसतं.

वह्या उतरवल्या. नावं आहेत, वेग आहे, गुण आहेत. ओळ नाही. ओळी फक्त पटावर होत्या. मग मी फोन करायला लागले. दहाव्याला आलेल्यांपासून सुरुवात केली, एकाकडून दुसऱ्याचा नंबर. काय बोलायचं ते पाठ केलंय: मी मांजरीची शोभा, बर्वे सरांचा पट माझ्या हातून पुसला गेला, तुमच्या नावापुढे त्यांनी काय लिहिलं होतं ते आठवतंय का? "पुसला गेला" असं पहिल्या दिवशी म्हणत होते. आता "मी पुसला" म्हणते. कर्मणी प्रयोगात लपू नये, असं तुम्ही अर्ज तपासताना सांगायचात.

सर, लोकांना पाठ आहे हो. तुम्ही चार शब्द लिहिलेत आणि माणसं ते वीस वर्षं बरोबर घेऊन फिरतायत. भोरच्या एका बाईंनी फोनवर लगेच म्हणून दाखवलं, "घंटी वाजायच्या आत ओळ बदलायची. घाई. तहसीलात लागली, तिथेही घाई करत असल्यास जनतेचं भलं होईल." एका गृहस्थांनी आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "वडील गेले त्या आठवड्यात परीक्षा. चुका दोन. त्याही मशीनच्या." म्हणाले, चुका माझ्याच होत्या, मॅडम, सरांना माहीत होतं. काहींना आठवत नाही. काहींनी पट कधी बघितलाच नव्हता, त्यांना आता हळहळ वाटते आणि ती ते माझ्यावर काढतात, काढू देत. एकजण म्हणाला, "आयटीत आहात ना तुम्ही?" आणि फोन ठेवला. जे वारले त्यांच्या ओळी कुणाला विचारायच्या ते कळत नाही. आत्तापर्यंत एका वहीचंही एक पान भरलं नाही.

काल साताऱ्याच्या एका श्रद्धाताईंचा नंबर मिळाला. अकरांपैकी एक. तुम्ही सांगितलंत म्हणून त्यांनी मुलाकडून फॉन्ट उतरवून घेतला होता आणि तीन दिवस बसून पट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला होता. स्वतःची ओळ त्यांनी मला घडाघडा सांगितली. मी लिहून घेतली, श्र नीट काढला. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही मांजरीकर का? तुमचं वाचलं होतं मी. सगळ्यांची एकेक ओळ आणि तुमचं हे एवढं मोठं, पानभर."

मला ठाऊकच नव्हतं, सर. मी माझ्या नावापुढे "ठीक" धरून चालले होते.

विचारलं, काय होतं त्याच्यात?

"थांबा हं. पहिलं वाक्य आठवतंय, कारण मला हसू आलं होतं. 'हिने हट्टाने हे वाचलेलं नाही आणि वाचणारही नाही, तेव्हा मोकळेपणाने लिहितो.'"

"आणि पुढे?"

"पुढे बरंच होतं हो," त्या म्हणाल्या. "आता नाही आठवत. तुम्हाला तर माहीतच असेल ना?"